अनावश्यक लग्न

माझं लग्न आवश्यक आहे की अनावश्यक, हे ठरवायला डहाणूजवळ कैनाडच्या आमच्या पाड्यात सभा भरली. मला बोलावणं नव्हतं. पण सभा आमच्याच अंगणात होती आणि चहाचे कप मीच वाटत होतो, त्यामुळे मी हजर होतो असं म्हणता येईल.

झालं होतं असं, की सप्टेंबरात नेपाळमध्ये तरुण पोरं रस्त्यावर उतरली, गोळ्या सुटल्या, संसदेला आग लागली आणि सरकार पडलं. आता नेपाळमधलं सरकार पडल्याने कैनाडमध्ये कोणाचं काय पडावं? कोणाचंच नाही. फक्त माझं. कारण माझी होणारी बायको तिथे होती.

चंद्रिका नेपाळी आहे, पण हे अर्धंच खरं. तिचे वडील, टेकबहादूर काका, उभं आयुष्य चिखले गावातल्या एका चिकूच्या वाडीवर राखणीला होते. चंद्रिका तिथेच वाढली, मराठी शाळेत शिकली, आणि डहाणूच्या कॉलेजात माझ्या वर्गात आली. मराठीत तिला माझ्यापेक्षा जास्त मार्क पडायचे. हे ती विसरलेली नाही आणि मलाही विसरू देत नाही. पुढे तिची आजी अंथरुणाला खिळली, तेव्हा सगळं घर गावी परत गेलं, बुटवलच्या वर डोंगरात. आजीचं एकच म्हणणं होतं: नातीचं लग्न माझ्या अंगणात, माझ्या डोळ्यांसमोर. त्यांच्या मंसिर महिन्यातली, म्हणजे आपल्या नोव्हेंबरातली तारीख ठरली. वऱ्हाड इथून जायचं होतं. आणि मग संसद जळली.

संसदेचा आणि माझ्या लग्नाचा धागा धाकल्या काकाने जोडून दिला. धाकल्या काका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ. त्याच्या मोबाईलवर जगातल्या सगळ्या वाईट बातम्या सर्वांत आधी येतात. तो मोबाईल दोनदा पाण्यात पडला होता आणि डहाणू रोड स्टेशनसमोरच्या माझ्या दुरुस्तीच्या टपरीवर मीच तो दोनदा जिवंत केला होता. माणसाचं पुण्य असं फिरून येतं.

काकाने सभेत संदेश वाचून दाखवला: "नागरिकांनी अनावश्यक प्रवास टाळावा."

"कोणी पाठवला?" पुष्पा काकीने विचारलं. ही त्याचीच बायको, त्यामुळे तिचा त्याच्यावर विश्वास नव्हता.

"सरकारने."

"कुठल्या?"

"असल्या गोष्टी सरकारच पाठवतं, पुष्पा. तुझा भाऊ पाठवेल का?"

संदेशावर खात्याचं नाव नव्हतं, देशाचं नव्हतं, तारीख नव्हती. कोपऱ्यात तोंडाला मास्क लावलेल्या माणसाचं चित्र होतं. नेपाळच्या आंदोलनात मास्कचं काय काम, हे कोणी विचारलं नाही. धूर असेल, असं बहुतेकांना वाटलं असावं.

अध्यक्ष माझे बाबा होते, देवजी. घरात खुर्ची एकच आहे आणि ती त्यांची आहे, म्हणून. बाबांनी घसा साफ केला. "प्रश्न साधा आहे. अनावश्यक प्रवास टाळायचा. मग मन्याचं लग्न अनावश्यक असेल तर टाळू. आवश्यक असेल तर बघू."

"आवश्यक असेल तर जाऊ, असं म्हणा ना," मी म्हणालो.

"चहा दे तू."

इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर आमचे लोक दुष्ट वाटतील. आमच्या आदिवासी पाड्यांत लग्नाची घाई नसते. पोरगा-पोरगी एकमेकांना आवडली, की घर मांडतात. शेत करतात, पोरं होतात, आणि सवड झाली की लग्न. कोणाचं एका पावसाळ्यानंतर होतं, कोणाचं तीन पोरांनंतर. त्यात कोणाला कमीपणा नाही, कोणी बोट दाखवत नाही. फार चांगली पद्धत आहे. फक्त अशा पाड्यात आपलं लग्न तातडीचं आहे हे पटवायला उभं राहू नये. खाडीतल्या माशाला छत्री लागते, हे पटवणं त्यापेक्षा सोपं.

"पोरीला इकडे घेऊन ये," बाबा म्हणाले. "राहा दोघं. लग्न मागाहून, तिकडचं निवळलं की. कोणाचं काय अडलंय?"

सभेने माना हलवल्या. मी आईकडे पाहिलं. आई, सुकी, दारात बसून भांडी घासत होती. तिने मान हलवली नाही. ती एकच टोप फार वेळ घासत होती.

मला कोडं पडलं होतं ते बाबांचं. माझा बाप भित्रा नाही. पंपाच्या खोलीत घोणस निघाली तेव्हा सगळा पाडा बाहेर होता आणि बाबा आत, हातात नुसती गोणी. असा माणूस एका संदेशाला घाबरतो? तेही मास्कवाल्या?

मी मागे वाडीत जाऊन चंद्रिकेला फोन लावला आणि सभेचा निकाल सांगितला.  

"मन्या," ती म्हणाली, "माझ्या मामाने काय काढलंय माहितीय? म्हणे, डहाणू-तलासरीत जमीन हलते, सारखे धक्के बसतात, तिथे पोरगी कशी द्यायची? इथल्या माणसांनी मोठा भूकंप बघितलाय. आजीचं अर्धं घर त्यात गेलं होतं. आठवडाभर मी एकटी सगळ्यांशी भांडतेय, की तिकडची जमीन हलते पण माणसं हलत नाहीत. आणि आता तू मला सांगतोस, तुमची माणसं हलली."

"थोडीशीच."

"हसू नको. इथे रस्ते चालू आहेत, शाळा चालू आहेत, माणसं भात कापतायत. भ्यायचंच तर मी भ्यायला हवं, मी राहते इथे. ज्या घराला माझ्या गावची एवढी भीती वाटते, त्या घरात मी येऊन काय करू? आयुष्यभर मला 'ती जळक्या देशातली' म्हणतील. ठरलेल्या तारखेला वऱ्हाड आलं तर मी आहे. नाही आलं तर मी नाही. मागाहून वगैरे काही नसतं."

हे तिने मराठीत सांगितलं. एकही चूक नव्हती.

मी आत येऊन आईला सांगितलं. आईने टोप खाली ठेवला. "बायजीला बोलाव," ती म्हणाली.

बायजी आते तलासरीला राहते. सगळा पाडा तिला आतेच म्हणतो, बाबासुद्धा. ती धवलेरी आहे. आमच्या लग्नात भटजी नसतो. धवलेरी गाते, तिच्या गाण्यावर लग्न लागतं, आणि तिचं गाणं संपत नाही तोवर तुम्ही कितीही नाचा, तुम्ही बिनलग्नाचेच. अर्ध्या तलासरी तालुक्याची लग्नं तिने लावलीत. लोक तिला वचकून असतात, कारण कोणाचं लग्न कसं लागलं, हे तिला पाठ आहे.

आते दुसऱ्याच दिवशी टमटममधून उतरली आणि उतरता उतरता म्हणाली, "कोणाचं लग्न अनावश्यक आहे?"

मी हात वर केला.

सभा पुन्हा भरली. धाकल्या काकाने संदेश पुन्हा वाचला. आते डोळे मिटून ऐकत होती. मग तिने विचारलं, "नेपाळ कुठं आलं?"

"परदेशात," काका म्हणाला. "सीमा ओलांडावी लागते."

"मी आमच्या दारातून निघून गुजरातच्या बाजारात भाजी आणते. ती पण सीमाच आहे."

"ती वेगळी, आते. तिकडे माणसं खवळलीत."

"भेंडीचा भाव ऐकला की इकडे पण खवळतात."

बाबा खुर्चीत पुढे सरकले. "आते, थट्टा नको. माणसाचा जीव आहे. बारा गावचं पाणी प्यालेली माणसं सांगतात, जाऊ नका. उद्या तिकडे काय पेटलं आणि वऱ्हाड अडकलं, तर जबाबदार कोण? आपण साधी माणसं. आपण कशाला आगीत…"

आणि धक्का बसला.

आमच्याकडे बसतात. ज्याला ठाऊक नाही त्याच्यासाठी सांगतो: आधी जमिनीखालून लांबचा ट्रक गेल्यासारखा आवाज येतो, मग कौलं खुळखुळतात, मांडणीवरची भांडी एकमेकांशी बोलतात, आणि संपतं. पहिल्या वर्षी आम्ही रात्र रात्र बाहेर झोपलो, सरकारने तंबूही दिले. मग पेरणी आली. माणूस किती दिवस बाहेर झोपणार?

तर धक्का बसला. कौलं वाजली. कोंबड्या उडाल्या. पुष्पा काकीने बशी थोडी उचलून धरली, चहा सांडू नये म्हणून. धाकल्या काकाने मोबाईल घट्ट धरला. बाबांनी वाक्य पुरं केलं: "…आगीत उडी घ्यायची?"

सगळं शांत झालं. बायजी आते बाबांकडे बघत राहिली.

"देवजी, आत्ता काय झालं?"

"कुठं काय?"

"धक्का बसला."

"बसला असेल."

"उठला नाहीस?"

"चहा होता हातात."

आतेने सभेकडे पाहिलं. "कोण उठलं?"

कोणीच उठलं नव्हतं. मीसुद्धा ट्रे घेऊन तसाच उभा होतो. कोंबड्या तेवढ्या उठल्या होत्या, पण त्यांना सभेत मत नव्हतं.

"बुडाखालची जमीन सरकली तर हा माणूस कप खाली ठेवत नाही," आते म्हणाली, "आणि हजार कोसांवरचं सरकार सरकलं तर ह्याला घाम फुटतो. त्या पोरीच्या घरचे आपल्या धक्क्यांना भितात, आपण त्यांच्या सरकारला. दोघं आपापल्या घरी भीत बसा. लग्न माझ्या मरणानंतर लावा."

पुष्पा काकी हसायला लागली. मग एकेक करून सगळेच हसले. धाकल्या काकाने तर मोबाईल उलटा करून ठेवला, त्याच्यासाठी हा राजीनामा होता. सभेचं मत पलटलं होतं. मला वाटलं, जिंकलो.

"तरी पण नाय," बाबा म्हणाले.

"का नाय?"

"नाय म्हणजे नाय."

आते खुर्चीजवळ सरकली. मग हळूच म्हणाली, "मी सांगू, का नाय ते?"

बाबा खुर्चीत बसल्या बसल्या लहान झाले.

"पोराचं लग्न लागायच्या आधी आईबापाचं लागलेलं असावं लागतं," आते म्हणाली. "तुमचं कोणी लावलं, देवजी? मी तर नाही लावलं. मग कोणी लावलं?"

 सगळे एकदम बोलायला लागले, "अरे हां!", "खरंच की!", "राहिलंच की हो!" पाड्यातल्या जुन्या माणसांना ठाऊक होतं, आणि सगळे विसरून गेले होते. आईबाबांनी घर मांडलं, शेत केलं, मी झालो, विहीर झाली, मोटर झाली. लग्न राहून गेलं. आमच्या घरात लग्नाचा फोटो नाही, हे मला दिसायचं. पण मला वाटायचं, फोटोवाला आला नसेल.

विसरले नव्हते ते बाबा.

"ह्या वयात?" ते म्हणाले. आवाज अगदी बारीक. "परक्या मुलखात, हार घातलेल्या व्याह्यांसमोर, मी हळद लावून पाटावर बसू? पोराच्या शेजारी? हसतील लोक."

म्हणजे असं होतं. माझा बाप नेपाळच्या आगीला भीत नव्हता. तो हळदीला भीत होता.

"मग इथंच उरकून घ्या गपचूप," धाकल्या काकाने सुचवलं. "दोन माणसांत. मग जाऊ."

"नको," आई म्हणाली.

दोन्ही सभांत मिळून तिने उच्चारलेला हा पहिला शब्द होता. ती दारातून उठून अंगणात आली. हाताला राख लागलेली होती.

"गपचूप नको. मी काय चोरी केलीय? ह्या पाड्यात जेवढी लग्नं झाली, त्यांत पाणी मी भरलं, तांदूळ मी कांडला, पिठाचा कालव मी करून दिला. आणि चौक लिहायची वेळ आली की मी बाहेर. कोणी हाकललं नाही. मीच जायची. मला ठाऊक होतं ना माझं झालं नाही ते."

चौक म्हणजे लग्नघरच्या गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लिहितात ती देवी आणि तिच्याभोवतीची चौकट. आमच्यात चौक काढत नाहीत, लिहितात. तो लिहिल्याशिवाय लग्न लागत नाही, आणि लिहायचा लग्न झालेल्या सवाशिणींनी. आई सगळ्यांचे चौक बाहेरून बघत आली होती, आणि मी तिला कधी विचारलंही नव्हतं, तू का लिहीत नाहीस. मला वाटायचं, तिला चित्रकला जमत नसेल.

"माझ्या पोराचा चौक मी लिहिणार," आई म्हणाली. "माझं लग्न तिथंच लावा, मन्याच्या मांडवात. सकाळी माझं, मग त्याचं. बायजी, असं चालतं ना?"

"चालतं. बाप-लेक एका मांडवात बसलेले मी कितीदा बघितलेत."

"परदेशात चालतं?"

"देवीला पासपोर्ट लागत नाही."

आई बाबांकडे वळली. बाबांनी शेवटचा प्रयत्न केला. "सुके, लग्न झालं की बाई ऐकत नाही म्हणतात."

"आत्ता कधी ऐकते?"

सभा संपली. धाकल्या काकाने ठराव मांडला, की एक लग्न असेल तर शंका आहे, पण दोन लग्नं असतील तर प्रवास आवश्यक धरावा. एकमताने मंजूर. अशा रीतीने कैनाडमधलं पहिलं डेस्टिनेशन वेडिंग ठरलं, आणि ते माझ्या आईचं होतं.

मी चंद्रिकेला फोन केला. "वऱ्हाड येतंय. पण एक नवरदेव जास्तीचा आहे."

तिला सगळं नीट सांगितलं. ती इतकी हसली, की तिकडे कोणीतरी काय झालं म्हणून विचारायला आलं.

वापीहून आम्ही गोरखपूरची गाडी धरली. आई, बाबा, बायजी आते, धाकल्या काका, पुष्पा काकी आणि मी. शिवाय उंबराची एक फांदी. मांडवाला उंबर लागतोच, आणि आतेचा परक्या उंबरावर विश्वास नव्हता. फांदीला तिने खिडकीची जागा दिली. मध्य प्रदेशात एका माणसाने ती जागा माझी आहे म्हणून तिकीट दाखवलं. आते म्हणाली, हिला उन्हं लागतात. मी हिंदीत सांगितलं. तो माणूस फांदीकडे बघून म्हणाला, ठीक आहे, आणि पुढचा सगळा प्रवास तिला पाणी तोच घालत होता.

सोनौलीला सीमेवर आमच्या पिशव्या उघडल्या. जवानाने एक गाठोडं वर धरलं. आत पांढरी पावडर.

"ये क्या है?"

"पीठ," आते म्हणाली.

"किसलिए?"

"देवी लिहायला."

"देवी लिखने के लिए," मी भाषांतर केलं. त्याने काही फायदा झाला नाही.

दुसऱ्या गाठोड्यात गेरू निघाला. जवानाने तो बोटावर घेऊन वास घेतला. मग आमच्याकडे नीट पाहिलं. "उधर क्या हुआ था, मालूम है ना? क्यों जा रहे हो?"

"शादी है."

"किसकी?"

मी माझ्याकडे बोट दाखवलं. त्याच वेळी आतेने बाबांकडे बोट दाखवलं.

जवानाने आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघितलं. "एक ही लड़की से?"

"नहीं, नहीं. अलग-अलग."

"इनकी किससे?"

"मेरी माँ से."

जवानाने गाठोडं बांधलं, गाठ पक्की बसल्याची खात्री केली आणि हात जोडले. "जाइए," तो म्हणाला. "जल्दी जाइए."

आम्ही कमानीखालून चालत गेलो आणि परदेशात पोहोचलो. धाकल्या काका व्हिडिओ काढत होता. अशांतता दिसली की लगेच टिपायची, अशी त्याची तयारी होती. त्याला एक संत्रीवाला दिसला, शाळेची पोरं दिसली, आणि हॉर्नवरून भांडणारे दोन रिक्षावाले दिसले. त्यांचा त्याने जवळून व्हिडिओ काढला. बुटवलकडे जाताना एक जळकं सरकारी ऑफिस लागलं. पायरीवर एक बाई मका भाजत बसली होती. शेजारच्या भिंतीवर तीन फोटो होते, हार घातलेले. माझ्याच वयाची पोरं. धाकल्या काकाने मोबाईल खिशात ठेवला आणि त्या दिवशी पुन्हा काढला नाही. बाबांनी गाडी थांबवायला सांगितली, खाली उतरले, तिन्ही फोटोंना हात जोडले आणि गुपचूप परत येऊन बसले.

चंद्रिकेचं गाव डोंगराच्या कुशीत आहे. टेकबहादूर काका वळणावर उभे होते. आम्हाला बघून त्यांनी पहिलं वाक्य काढलं ते, "काय देवजीभाऊ, यंदा चिकू कसा आहे?" बाबांच्या खांद्यावरून परदेश उतरला. तिथून घरापर्यंत दोघं चिकूवरच बोलत गेले.

आणि घर दिसल्यावर बायजी आते थांबली.

मातीचं घर. लाल मातीने सारवलेलं, खालून वरपर्यंत, नुकतंच. आतेने पुढे जाऊन भिंतीवर तळवा ठेवला, जसा माणूस ओळखीच्या बैलावर ठेवतो.

"सुके," ती म्हणाली, "गेरू उगाच आणला गं. भिंत तर आपलीच आहे."

चंद्रिका दारात उभी होती. मी वाटेत एक वाक्य तयार केलं होतं, चांगलं होतं. ते विसरलो. ती म्हणाली, "आलास." मी म्हणालो, "आवश्यक होतं."

आजी अंगणात उन्हात गुंडाळून बसवली होती, मुठीएवढी. तिने आईला जवळ बोलावून काहीतरी विचारलं. मामा कान टवकारून पुढे आला. चंद्रिकेने सांगितलं, "ती विचारतेय, तुमच्याकडे जमीन हलते म्हणतात, खरं का?"

मी काहीतरी गोल गोल सांगणार होतो. आईच बोलली. "हलते. खोटं कशाला सांगू? पण आम्ही चहा सांडू देत नाही."

चंद्रिकेने ते नेपाळीत सांगितलं. आजीने आईचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मामा मागे सरकला आणि चहा सांगायला आत गेला.

लग्नाच्या सकाळी त्यांचा पंडित आपला मुहूर्त घेऊन आला आणि आमची आते आपलं गाणं घेऊन उभी राहिली. पंडिताने विचारलं, गाणं किती वेळ चालेल? आते म्हणाली, संपेपर्यंत. टेकबहादूर काकांनी तोडगा काढला: सकाळ आतेची, संध्याकाळ पंडिताची. पंडित पायरीवर जाऊन बसला आणि थोड्या वेळाने गाण्यावर मान डोलवू लागला.

पुष्पा काकीने आईबाबांचा चौक लिहिला. कैनाडचा उंबर मांडवाला लागला. बाबांना पाटावर बसवलं आणि हळद आली. बाबांनी डोळे घट्ट मिटले. गावातल्या बायका, म्हातारे, पोरंटोरं, सगळे भोवती गोळा झाले. नवरदेवाचा बापच नवरदेव, हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. कोणीतरी सनईवाल्यांना खूण केली, आणि त्यांच्या लग्नातली पाचही वाद्यं एकदम सुटली.

"मन्या," बाबा डोळे मिटूनच पुटपुटले, "हसतायत का?"

"नाय बाबा. नाचतायत."

बाबांनी एक डोळा उघडला. मग दुसरा. खरंच नाचत होते. मामा सगळ्यांत पुढे होता. बाबा हळदीने पिवळेधमक, तसेच पाटावरून उठले आणि त्यांच्यात घुसले. आते गाता गाता ओरडली, "अरे बस, अजून लग्न लागायचंय!" पण आता त्यांना कोण ऐकवणार? घोणशीला गोणीत भरणारा माणूस तो. शेवटी आईने जाऊन हाताला धरून आणला आणि पाटावर बसवला. तेव्हा बसले. आतेचं गाणं संपलं. माझ्या आईबापाचं लग्न लागलं, आणि मी टाळ्या वाजवल्या, अशी संधी फार थोड्या मुलांना मिळते.

आजीने आपल्या गळ्यातली हिरव्या मण्यांची पोत, तिकडचं मंगळसूत्रच ते, काढून आईला घातली.

मग आई भिंतीसमोर गेली. पुष्पा काकीने कालवलेल्या पिठाची वाटी पुढे धरली, आतेने बांबूची काडी दिली. आयुष्यभर जी काडी तिने फक्त दुसऱ्यांच्या हातात दिली होती, ती आईने पिठात बुडवली. तिच्या कपाळावरची हळद अजून ओली होती. लाल भिंतीवर पहिली रेघ उमटली, पांढरीशुभ्र, वरून खाली, आणि अध्येमध्ये थरथरलेली.

पुष्पा काकी मान तिरकी करून बघत होती. "वाकडी झाली गं, सुके."

आईने हात थांबवला नाही. "राहू दे," ती म्हणाली. "आमच्याकडची जमीन हलते."

चंद्रिकेने भाषांतर करायच्या आधीच आजी हसली.